‘ब्रोकन मेन’ : तुटलेली की तोडलेली माणसे?

थेरगावात दर रविवारी संध्याकाळी आमचा अभ्यासवर्ग भरतो. विहाराच्या बाजूची एक खोली, एक फळा आणि पंधरा-वीस मुलेमुली. यांच्यापैकी अनेकांचे आजी-आजोबा १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून पोट भरायला पिंपरी-चिंचवडला आले. आज नातवंडे चाकण, भोसरी, हिंजवडीला कंत्राटावर कामाला जातात आणि शिफ्ट संपवून वर्गाला येतात. गेले काही आठवडे आम्ही बाबासाहेबांचा १९४८ सालचा ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ वाचत आहोत. त्यात ‘ब्रोकन मेन’ हा शब्द आला आणि गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातला एक मुलगा म्हणाला, “दादा, आमच्या लाईनवर ब्रोकन पीस निघाला की लाल बिनमध्ये टाकतात. स्क्रॅप! मग बाबासाहेबांनी आपल्याला ब्रोकन का म्हटलं? आपण काय स्क्रॅप आहोत?”

खोलीत कुणी हसले नाही. कारण प्रश्न सगळ्यांचाच होता. त्याच्या मागोमाग एक ताई म्हणाल्या, “आणि दलित म्हणजे तरी काय? तेच ना? मोडलेला?”

त्या दिवशी आम्ही अर्धवट उत्तर दिले. पूर्ण उत्तर द्यायला हा लेख लिहीत आहोत. शब्दांचा इतिहास हा काही फक्त प्राध्यापकांचा विषय नाही. ज्यांना हजारो वर्षे दुसऱ्यांनी नावे ठेवली, त्यांच्यासाठी तर शब्दाचा इतिहास म्हणजे स्वतःच्या इतिहासाचा पुरावा असतो.

एका इंग्रजी शब्दाची चौकशी

‘ब्रोकन’ हा इंग्रजीतला अगदी रोजच्या वापरातला शब्द. काच, खुर्ची, हाड, वचन, मशीन, मन, लग्न, सगळे काही इंग्रजीत ‘ब्रोकन’ होऊ शकते. हा शब्द ‘ब्रेक’ या क्रियापदापासून आला. जुन्या इंग्रजीत ‘ब्रेकन’ म्हणजे मोडणे आणि ‘ब्रोकन’ म्हणजे मोडलेले. जर्मन भाषेत आजही मोडणे म्हणजे ‘ब्रेखन’. भाषाशास्त्रज्ञ या शब्दाचे नाते लॅटिनमधल्या ‘फ्रांगेरे’ या क्रियापदाशी जोडतात. त्या लॅटिन शब्दापासूनच ‘फ्रॅक्चर’ आला, चाकणच्या गोदामातल्या खोक्यांवर छापलेला ‘फ्रॅजाइल’ आला आणि गणितातला ‘फ्रॅक्शन’, म्हणजे अपूर्णांकही आला. बघा, एकाच मुळातून मोडलेले हाड, सांभाळून उचलायची वस्तू आणि पूर्ण न मोजला जाणारा आकडा असे तीन शब्द निघाले. आपल्या समाजाला या तिन्हींचा अनुभव आहे, फक्त सांभाळून उचलण्याचा जरा कमी आहे!

खिशात पैसा नसलेल्या माणसाला इंग्रजीत ‘ब्रोक’ म्हणतात, तो याच शब्दाचा जुना अवतार. दिवाळखोराला ‘बँकरप्ट’ म्हणतात. त्याचे मूळ इटालियन भाषेत आहे आणि अर्थ आहे मोडलेले बाकडे, म्हणजे सावकाराची व्यवहाराची बैठक मोडली. म्हणजे युरोपातही ‘मोडणे’ हे केवळ वस्तूंचे नव्हते. माणसाची पत, माणसाचे समाजातले स्थान मोडते, हे त्या भाषांनी ओळखले होते.

आता व्याकरणाकडे लक्ष द्या, कारण लेखाची किल्ली तिथे आहे. ‘ब्रोकन’ आपण विशेषण म्हणून वापरतो. लाल, उंच, गोड तसे ब्रोकन. पण लाल असणे हा गुण आहे, ब्रोकन असणे हा गुण नाही. ती घडून गेलेली घटना आहे. इंग्रजीत ‘स्टोलन’ म्हणजे चोरलेले, ‘बीटन’ म्हणजे मारलेले, तसेच ‘ब्रोकन’. चोरीला गेलेल्या सायकलमध्ये दोष नसतो, दोष चोरात असतो. तरीही एखादा शब्द रोज विशेषण म्हणून वापरला की घटना विसरली जाते आणि ती त्या वस्तूची जातच वाटू लागते. लाल बिनमधल्या पीसकडे बघून कुणी विचारत नाही की डाय चुकीची होती, की मशीनचा प्रेशर जास्त होता, की ऑपरेटरला सोळा तास उभे केले होते. पीस खराब, विषय संपला.

तुटणे वेगळे, तोडणे वेगळे

इंग्रजीपेक्षा आपली मराठी या बाबतीत जास्त चोख आहे. काच फुटते, दोरी तुटते, कापड फाटते, खुर्ची मोडते, भिंत ढासळते. इंग्रजीला बऱ्याच वेळा एक ‘ब्रोकन’ पुरतो, आपल्याला पुरत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मराठी करणारा कोण हेही विचारते. तुटणे आणि तोडणे, फुटणे आणि फोडणे, फाटणे आणि फाडणे. ‘मडके फुटले’ म्हटले की कुणावर आळ येत नाही. ‘मडके फोडले’ म्हटले की लगेच प्रश्न येतो, कुणी?

‘दलित’ शब्दातही हीच गाठ आहे. संस्कृत ‘दल्’ हा धातू म्हणजे फुटणे, दुभंगणे, तुकडे होणे. त्यावरून ‘दलन’ म्हणजे चिरडणे. आपल्या घरातले ‘दळण’ आणि ‘डाळ’ याच घराण्यातले. अख्खा दाणा भरडून दोन केला की डाळ. मोल्सवर्थच्या एकोणिसाव्या शतकातल्या मराठी-इंग्रजी कोशात ‘दलित’ शब्दापुढे जे अर्थ दिले आहेत, ते दळलेले, मोडलेले, तुकडे केलेले असेच आहेत. त्यात ‘ब्रोकन’ हा शब्दही आहे. म्हणजे ताईंची शंका खरी होती, कोशाच्या हिशेबाने दलित म्हणजे ब्रोकनच.

पण त्याच घराण्यात ‘दल’ म्हणजे पाकळी किंवा पान आहे आणि ‘दल’ म्हणजे तुकडी, पथकही आहे. ‘समता सैनिक दल’ यातला दल तोच. एक धातू, त्यातून दळलेला दाणाही निघतो आणि शिस्तीत चालणारी फौजही. मोडलेल्या तुकड्यांचे पुढे काय करायचे, हे धातू ठरवत नाही, माणसे ठरवतात.

बाबासाहेबांनी विचारलेला प्रश्न

आता मूळ ग्रंथाकडे येऊ. बाबासाहेबांच्या आधी अस्पृश्यतेचे स्पष्टीकरण देणारे कमी नव्हते. कुणी म्हणे, अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे, जिंकले गेलेले लोक. कुणी म्हणे, घाणेरडी कामे केली म्हणून अस्पृश्य झाले. धर्मशास्त्री म्हणत, पूर्वजन्मीचे पाप. या सगळ्यांत एक साम्य होते. खोट अस्पृश्यांच्या रक्तात, धंद्यात किंवा कर्मात शोधायची. बाबासाहेबांनी वंशाचा सिद्धान्त नाकारला, धंद्याचा सिद्धान्तही नाकारला आणि प्रश्न उलटा केला. हे लोक गावाबाहेर का राहतात? आणि ते अस्पृश्य झाले म्हणून गावाबाहेर गेले, की आधीच गावाबाहेर होते?

त्यांची मांडणी थोडक्यात अशी. आदिम समाज भटक्या टोळ्यांचा होता. संपत्ती म्हणजे गुरे. पुढे शेती आली आणि काही टोळ्या जमीन धरून स्थिर झाल्या, काही भटक्याच राहिल्या. भटक्या टोळ्या स्थिर टोळ्यांची गुरे, धान्य लुटायच्या. टोळ्यांच्या लढायांत जी टोळी हरायची तिची माणसे चहूकडे पांगायची. त्या काळात माणूस रक्ताच्या नात्याने टोळीचा असे. टोळी गेली की त्याला कुणी विचारत नसे. ही पांगलेली, आपल्या टोळीपासून तुटलेली माणसे म्हणजे ‘ब्रोकन मेन’. त्यांना आसरा हवा होता. स्थिर झालेल्या गावाला राखणदार हवे होते. दोघांची गरज जुळली. ही माणसे गावाच्या वेशीबाहेर राहू लागली, राखण करू लागली आणि बदल्यात अन्न-आसरा मिळू लागला. वेगळ्या रक्ताची म्हणून गावात घर नाही, आणि राखण वेशीवरच करायची म्हणून बाहेर घर. या टप्प्यावर अस्पृश्यता नव्हती.

हे फक्त भारतात घडले का? बाबासाहेब नाही म्हणतात. ते आयर्लंडमधल्या ‘फुइधिर’ आणि वेल्समधल्या ‘अल्टुड’ लोकांचे दाखले देतात. तेही आपल्या मूळ टोळीपासून तुटून परक्यांच्या आसऱ्याला आलेले, वेगळे राहणारे, दुय्यम दर्जाचे लोक. आम्ही यात एक भर घालतो. स्कॉटलंडमध्येही ज्याला कुळाचा मुखिया उरला नाही, ज्याच्यासाठी जबाबदारी घ्यायला कुणी नाही, अशा माणसाला ‘ब्रोकन मॅन’च म्हणत. म्हणजे इंग्रजीत ‘ब्रोकन मॅन’ याचा एक जुना अर्थ खचलेला, दुबळा माणूस असा नसून, ज्याचे कुळाशी नाते तुटले तो, असा आहे. तुटले ते नाते होते, माणूस नव्हे. उलट वेशीवर रात्री पहारा द्यायला गाव दुबळ्या माणसाला ठेवील का?

आणि इथे बाबासाहेबांचा खरा घाव आहे. आयर्लंड आणि वेल्समधली तुटलेली माणसे काही पिढ्यांनी, लग्नसंबंधांनी मूळ समाजात मिसळून गेली. आज तिथे त्यांची वेगळी वस्ती नाही. मग भारतातच ती वेशीबाहेर का राहिली?

उत्तरात बाबासाहेब दोन कारणे देतात. एक, ही माणसे बौद्ध होती आणि ब्राह्मणांचे श्रेष्ठत्व मानत नव्हती. ब्राह्मणी धर्माचा विजय झाल्यावर ज्यांनी बौद्ध धम्म सोडला नाही त्यांच्याविषयी तिरस्कार पेरला गेला. दोन, गोमांस. यज्ञात गाय मारणारे ब्राह्मण बौद्ध धम्माशी स्पर्धा करताना गोपूजक आणि शाकाहारी झाले, गोहत्या महापाप ठरली. पण ज्यांच्या वाट्याला मेलेल्या जनावराचे मांस येत होते त्यांना ते सोडणे परवडणारे नव्हते. जे कालपर्यंत अन्न होते ते आज अपराध ठरले. अशुद्ध मानणे आणि अस्पृश्य मानणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे दाखवत, अस्पृश्यतेचा जन्म साधारण इ. स. ४०० च्या आसपास झाला असा निष्कर्ष ते काढतात.

आता आमची मराठी वापरून हे पुन्हा सांगतो. टोळीयुद्धात माणसे तुटली. हे जगात सगळीकडे झाले. पण ब्राह्मणी व्यवस्थेने त्यांना तोडले. हे इथेच झाले. तुटण्याला काळ आणि युद्ध जबाबदार, तोडण्याला माणसे आणि त्यांचे ग्रंथ जबाबदार. इंग्रजीत दोन्हीला ‘ब्रोकन’ म्हणता येते, म्हणून त्या शब्दात फरक बुडून जातो. बाबासाहेबांच्या ग्रंथात तो बुडत नाही, कारण पहिला अर्धा ग्रंथ तुटण्याचा आहे आणि दुसरा तोडण्याचा.

या सिद्धान्तावर इतिहासकारांत मतभेद आहेत. चांडाळांविषयीचे जुने उल्लेख पाहून काही जण अस्पृश्यतेची सुरुवात आणखी मागे नेतात, काही जण ती टप्प्याटप्प्याने वाढत गेली असे मानतात. हे लपवायचे कारण नाही. स्वतः बाबासाहेबांनी ग्रंथाच्या प्रस्तावनेत आपला सिद्धान्त हा शेवटचा शब्द असल्याचा दावा केलेला नाही. जिथे पुराव्याची साखळी तुटलेली आहे तिथे दुवे जोडून पाहावे लागतात, हे त्यांनी उघडपणे सांगितले. कारण पुरावा नष्ट करणारेच इतिहास लिहीत होते. तपशिलावर वाद जरूर करा. पण ‘हे असेच होते’ याच्या जागी ‘हे केव्हा झाले, कुणी केले, का केले’ हा प्रश्न आणला, हे त्यांचे काम कुणालाही पुसता येणार नाही. ज्याला जन्मतारीख आहे त्याला मृत्युदिनही असू शकतो.

वेशीवरचा माणूस अजून वेशीवरच

हा सिद्धान्त ज्यांना केवळ कल्पना वाटतो त्यांनी आपल्या आजोबांची आठवण काढावी. वेसकर हा शब्द कुठून आला? वेशीचा राखणदार तो वेसकर. गावाच्या हद्दीचा वाद झाला तर सीमा दाखवायला महार, सरकारी खजिना पोहोचवायला महार, रात्रीच्या पहाऱ्याला महार. ज्याला शिवायचे नाही त्याच्यावर गावाचा सगळा भरवसा! बदल्यात शिळी भाकर आणि वतनाचा तुकडा. त्या वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले. वतने कायद्याने जायला मात्र १९५८ चा मुंबई कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करण्याचा कायदा यावा लागला.

वतन गेले, वेस गेली का? थेरगावातून डांगे चौकाकडे निघा, पुढे वाकड-हिंजवडीपर्यंत जा. प्रत्येक मोठ्या सोसायटीला गेट आहे आणि गेटवर निळ्या-खाकी कपड्यांत बारा-बारा तास उभा असलेला सिक्युरिटीवाला आहे. त्याला गावाचे नाव विचारा, आडनाव विचारा. लातूर, नांदेड, परभणी, वाशीम. त्यात आपली माणसे किती आहेत ते मोजायला कुठलाही अहवाल लागत नाही, जय भीम घातला की उत्तर येते. ज्या इमारतीची तो राखण करतो तिथली लिफ्ट त्याला वापरू देतील की नाही हे समितीच्या मर्जीवर. आणि त्याच परिसरात आपल्यातला कुणी भाड्याने घर बघायला गेला की पहिला प्रश्न “आडनाव काय?” आणि दुसरा “नॉनव्हेज खाता का?” आम्ही स्वतः हे दोन्ही प्रश्न ऐकून जिना उतरलो आहोत. बाबासाहेबांनी इ. स. ४०० सालासाठी जी दोन कारणे सांगितली, धर्म आणि मांस, तीच दोन कारणे आज घरमालक दोन प्रश्नांत विचारतो.

नावांचे व्याकरण

आपल्याला किती नावांनी हाक मारली गेली ते बघा आणि प्रत्येक नावाचे व्याकरण तपासा.

‘अस्पृश्य’ म्हणजे ज्याला शिवायचे नाही असा. हा शब्द काय झाले ते सांगत नाही, काय करू नये ते सांगतो. ही घटना नव्हे, हा हुकूम आहे. आणि हुकूम देणारा शब्दात कुठेच दिसत नाही. भारतीय संविधानाने सतराव्या कलमात हा हुकूमच रद्द केला.

‘हरिजन’ म्हणजे देवाची माणसे. यात क्रियापद नाही, घटना नाही, कर्ता नाही, म्हणून गुन्हेगारही नाही. सगळ्यांनी निश्चिंत झोपावे असा हा शब्द. १९३३ साली गांधीजींनी याच नावाचे साप्ताहिक काढले. १९३८ साली मुंबई विधानसभेत कायद्याच्या मसुद्यात हा शब्द आला तेव्हा बाबासाहेब, भाऊराव गायकवाड आणि त्यांचे सहकारी विरोध करून सभागृहाबाहेर पडले. शब्दासाठी सभात्याग कशाला, असे काहींना वाटले असेल. ज्यांना शब्दांनी मारले जाते त्यांना शब्दाची किंमत कळते.

महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली स्थापन केलेल्या ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’चे मराठी नाव ‘भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी’. निराश्रित म्हणजे आसरा नसलेले. इंग्रजी ‘डिप्रेस्ड’ म्हणजे दाबलेले. पुढे १९३५ च्या कायद्याने आले ‘शेड्यूल्ड कास्ट्स’, अनुसूचित, म्हणजे यादीत घातलेले. हक्कांसाठी ही यादी लागते, ती आपण लढून मिळवली आहे. पण ‘यादीत घातलेले’ हा शब्द सरकारने काय केले एवढेच सांगतो, समाजाने काय केले ते सांगत नाही.

आणि बाबासाहेबांनी आपल्या पत्रांना दिलेली नावे? १९२० साली ‘मूकनायक’. १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’. बहिष्कृत म्हणजे बाहेर काढलेला. हा शब्द लगेच विचारतो, बाहेर काढले कुणी? १९३० साली ‘जनता’. आणि १९५६ साली, धम्मदीक्षेच्या वर्षी, ‘प्रबुद्ध भारत’. मूकापासून प्रबुद्धापर्यंतचा हा प्रवास छत्तीस वर्षांचा. चळवळीचा सगळा इतिहास या मथळ्यांतच लिहिलेला आहे.

‘दलित’ हा शब्द ‘बहिष्कृत’च्या जातीचा आहे. संस्कृतात धातूला ‘त’ लागला की क्रिया होऊन गेल्याचे कळते. कृत म्हणजे केलेले, हृत म्हणजे हिरावलेले, दलित म्हणजे दळलेले. इंग्रजी ‘ब्रोकन’मधला शेवटचा ‘न’ आणि ‘दलित’मधला ‘त’ एकच काम करतात. ते साक्ष देतात की आधी काहीतरी अखंड होते.

म्हणूनच १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले आणि अण्णाभाऊ साठे यांनी पृथ्वी दलितांच्या तळहातावर तरलेली आहे असे ठणकावून सांगितले, तेव्हा हा शब्द रडगाणे राहिला नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि १९७३ च्या जाहीरनाम्यात तिने दलित शब्दाची कक्षा रुंद केली. अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया आणि धर्माच्या, पैशाच्या, राजकारणाच्या नावाने पिळला गेलेला प्रत्येक जण दलित. ही व्याख्या जातीची नव्हती, कृतीची होती. ज्याच्यावर दळण्याची क्रिया झाली तो दलित.

शब्द पुसायचा की ठेवायचा?

आज दोन बाजूंनी हा शब्द अडचणीत आहे. २०१८ साली केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्देशाचा हवाला देऊन खासगी वाहिन्यांना सूचना केली की ‘दलित’ शब्द टाळा, ‘अनुसूचित जाती’ म्हणा. सरकारी कागदात अनुसूचित जाती हाच शब्द असावा हे आम्हाला मान्य आहे, संविधानाचा शब्द तोच आहे. पण बातमीतून दलित शब्द गेला की काय होते ते बघा. ‘यादीत घातलेल्या तरुणाला मारहाण’ झाली. का झाली? शब्दात उत्तर नाही. दळणारे जाते बातमीतून अदृश्य झाले.

दुसरीकडे आपलेच तरुण म्हणतात, आम्ही बौद्ध आहोत, आम्हाला दलित म्हणू नका. त्यांचा राग रास्त आहे. पँथरमध्येसुद्धा हा वाद होता आणि राजा ढाले यांनी आंबेडकरी-बौद्ध ओळखीची बाजू ठामपणे लावून धरली होती. बौद्ध म्हणवून घेण्याची किंमत आपल्या आधीच्या पिढीने मोजली आहे. १९५६ साली धम्म घेतलेल्यांना केंद्राच्या अनुसूचित जातीच्या सवलती मिळायला १९९० चा कायदा यावा लागला. चौतीस वर्षे! सवलत गेली तरी चालेल, पण नाव आम्ही ठरवू, असे म्हणणारी ती माणसे होती. त्यांना कुणी मोडलेले म्हणून दाखवावे!

आमची भूमिका अशी. दलित हे आपले नाव नव्हे, ती आपली फिर्याद आहे. फिर्याद कुणी नाव म्हणून लावत नाही, पण खटला संपेपर्यंत मागेही घेत नाही.

आमच्याही हातून

इथे आम्हाला स्वतःचीही एक चूक कबूल केली पाहिजे. समाजकार्यात नवे असताना वस्तीतल्या मुलांच्या केस-पेपरवर आम्ही सर्रास ‘ब्रोकन फॅमिली’ असे लिहीत होतो. बाप सोडून गेलेला, आई धुणीभांडी करते, लिहा ब्रोकन फॅमिली. एका मुलीने आमच्या हातातला कागद वाचला आणि विचारले, “सर, आमचं घर कुठं तुटलंय? आई आहे, आजी आहे, मी आहे.” बाप का गेला? कारखान्याने कंत्राट संपवले, कर्ज झाले, दारू लागली. हे सगळे आमच्या दोन शब्दांत पुसले गेले होते. ज्या समाजशास्त्राची पदवी आम्ही मिरवत होतो त्यानेच आम्हाला शिकवले होते की शिक्का मारला की माणूस दिसेनासा होतो. तरी शिक्का आमच्याच हातात होता. त्या दिवसापासून आम्ही ‘ब्रोकन’ लिहिणे सोडले. काय झाले, कधी झाले, कुणामुळे झाले, असे तीन रकाने लिहू लागलो.

तुम्हीही लिहा. वस्तीवर बुलडोझर आला, कंत्राट तोडले, वसतिगृहात प्रवेश नाकारला, तर ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढेच लिहून थांबू नका. कुणी, केव्हा, कोणत्या आदेशाने, हे लिहा. तुटले असे लिहू नका, तोडले असे लिहा.

त्याच प्रत्ययाने ‘बुद्ध’

शेवटी त्या मुलाचे उत्तर. थेरगावपासून जवळच देहूरोडला ते बुद्धविहार आहे जिथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतःच्या हाताने बुद्धमूर्तीची स्थापना केली. नागपूरच्या दीक्षेच्या दोन वर्षे आधी. आपल्यातले बहुतेक जण दरवर्षी तिथे जातात. पुढच्या वेळी मूर्तीसमोर उभे राहिल्यावर ‘बुद्ध’ हा शब्दही जरा फोडून बघा. ‘बुध्’ म्हणजे जागे होणे. त्याला लागला तोच ‘त’, जो ‘दलित’ला लागला. बुध् अधिक त, बुद्ध. जागा झालेला.

प्रत्यय तोच, पण एक फरक आहे आणि तो सगळ्यात मोठा आहे. दलित होताना क्रिया आपल्यावर झाली, करणारा दुसरा होता. बुद्ध होताना क्रिया आपली आपणच करायची असते. दुसऱ्याला दळता येते, पण दुसऱ्याच्या वतीने जागे होता येत नाही. बाबासाहेबांनी १९४८ साली आपल्याला सांगितले की तुम्ही तोडलेली माणसे आहात आणि तोडले गेलात तेव्हा तुम्ही बौद्ध होतात. आठ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्यांनी तो तुटलेला धागा जिथे तोडला होता तिथेच पुन्हा जोडला. इतिहासाचा ग्रंथ आणि धम्मदीक्षा ही दोन वेगळी कामे नव्हती.

म्हणून मित्रा, तू स्क्रॅप नाहीस. तुझ्या लाईनवर पीस मोडला तर तुम्ही मशीन थांबवून तपासता ना, दोष कुठे आहे? बाबासाहेबांनी तेच केले. पीस हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि सांगितले, पीसमध्ये दोष नाही, मशीन बदला.

जय भीम! नमो बुद्धाय!